घरची फाइल मुलांच्या हाती: परदेशी शिकायला जाताना स्वावलंबी होण्याचे टप्पे

नौपाडा, पाचपाखाडी, घोडबंदर रस्ता, वाशी, नेरूळ किंवा खारघर येथून परदेशी विद्यापीठात जाणारा बाविशीचा विद्यार्थी काही बाबतीत चांगलाच तयार असतो. ठाण्याला गर्दीच्या वेळी जलद लोकलमध्ये शिरणे, ट्रान्स-हार्बरने वाशीला जाऊन पुढची गाडी पकडणे, मेगाब्लॉकच्या रविवारी दुसरा मार्ग काढणे हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. मात्र त्याच घरात महावितरणचे आणि महानगर गॅसचे बिल वडील भरत असतात, दंतवैद्याची वेळ आई घेत असते आणि बँकेचे केवायसी, आयकर विवरणपत्र, विम्याचे नूतनीकरण ही कामे त्याच्या नजरेआड होत असतात. परदेशात पहिल्या महिन्यात उडणारी धांदल अभ्यासामुळे क्वचितच उडते. आजवर नजरेआड राहिलेली ही सगळी कामे एकाच पंधरवड्यात, परक्या भाषेत आणि मुदतीच्या तारखांसह अंगावर येतात, म्हणून ती उडते.

मोठे होणे या गोष्टीची व्यवहारातली बाजू एवढीच आहे, की एकेक काम पालकांच्या हातून निघून कायमचे विद्यार्थ्याच्या हाती जावे. ते विमानतळावर आपोआप घडत नाही. त्यासाठी निघण्याच्या आठ-नऊ महिने आधी घरातच सुरुवात करावी लागते आणि त्यात विद्यार्थ्याने शिकण्याइतकेच पालकांनी हात मागे घेणेही असते. पुढील टप्पे त्या क्रमाने दिले आहेत. उदाहरण मुख्यतः जर्मनीतील पदव्युत्तर शिक्षणाचे घेतले आहे, कारण तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसल्यामुळे मध्यमवर्गीय घरांत त्या देशाचा विचार अगत्याने होतो आणि तेथील कार्यालयीन शिस्त विद्यार्थ्याच्या स्वावलंबनाची कसोटीही पाहते. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घेतले जातात, हे विद्यापीठ निवडतानाच ध्यानात ठेवावे.

पहिला टप्पा: ठाण्यात राहूनच घर चालवणे

निघण्यापूर्वीच्या वर्षात निदान दोन महिने घराचा रोजचा व्यवहार विद्यार्थ्याकडे पूर्णपणे सोपवावा. वाणसामान, भाजी, दूध, वीज, गॅस, सोसायटीचा देखभाल खर्च आणि कामवाल्या मावशींचा पगार यांसाठी लागणारी रक्कम महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याच्या खात्यात जमा करावी आणि महिनाअखेरपर्यंत पुन्हा पैसे देऊ नयेत. जांभळी नाक्याच्या बाजारात गेल्यावर किलोभर तूरडाळीचा भाव आणि घरात महिन्याला लागणारी डाळ यांचा मेळ त्याला प्रथमच घालावा लागेल. विसाव्या तारखेला पैसे संपले तर उरलेले दहा दिवस घराने पिठलं-भाकरीवर काढायला हरकत नाही. ही टंचाई आईवडिलांच्या छपराखाली अनुभवलेली बरी.

स्वयंपाकाच्या बाबतीत पाककृतींची वही भरण्यापेक्षा आठवड्याचे वेळापत्रक सांभाळण्याचा सराव अधिक उपयोगी पडतो. वरणभात, खिचडी, उसळ, एक रस्साभाजी, पोळी किंवा तिला पर्याय आणि अंड्याचे किंवा पनीरचे काही, एवढे येत असले की पहिले सत्र निघते. कस लागतो तो वेगळ्या ठिकाणी: रविवारी रात्री मूग भिजत घालणे लक्षात राहते का, उरलेला भात दुसऱ्या दिवशी वापरला जातो का, आणि स्वयंपाक झाल्यावर ओटा कोण पुसतो. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकाने कायद्यानेच बंद असतात, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी फ्रीज रिकामा ठेवणाऱ्याला कोपऱ्यावरचा वाणी वाचवायला येत नाही.

आजारपण हा विषय या टप्प्यात मुद्दाम घ्यावा. आपला रक्तगट, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, लहानपणी कोणत्या लसी घेतल्या, घरात मधुमेह वा रक्तदाब कोणाला आहे, हे अनेक विद्यार्थ्यांना आईला विचारल्याशिवाय सांगता येत नाही. त्याने एकट्याने डॉक्टरांकडे जाऊन आपली तक्रार सांगावी, प्रिस्क्रिप्शन नीट वाचावे आणि नेहमीच्या गोळ्यांची ब्रँडची नावे सोडून मूळ औषधांची नावे लिहून घ्यावीत. दातांची आणि चष्म्याच्या नंबरची तपासणी निघण्यापूर्वी उरकलेली चांगली. जर्मनीत दवाखान्यात जाण्यासाठी सहसा आधी वेळ घ्यावी लागते आणि तज्ज्ञ डॉक्टरांकडे ती कधी कधी काही आठवड्यांनंतरची मिळते.

दुसरा टप्पा: कागदपत्रे स्वतः जमवणे

ठाणे आणि नवी मुंबईत परदेशी शिक्षणाचे सल्लागार पावलोपावली आढळतात. अर्जाची मुदत सांभाळणे किंवा व्हिसाची यादी तपासणे एवढ्यापुरती त्यांची मदत घेण्यास हरकत नाही. परंतु आपल्या नावाने भरलेल्या अर्जाचा पासवर्ड ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती अद्याप काहीच आलेले नाही असे समजावे. विद्यापीठांशी होणारा सर्व पत्रव्यवहार विद्यार्थ्याच्या स्वतःच्या ईमेलवर यावा आणि शिक्षणाचा हेतू सांगणारे निवेदन त्याने स्वतःच लिहावे. ते दुसऱ्याकडून लिहून घेतले की व्हिसाच्या मुलाखतीत किंवा प्राध्यापकांशी बोलताना आपणच काय म्हटले होते हे आठवावे लागते.

सर्वांत आधी नाव तपासावे. मुंबई विद्यापीठाच्या अनेक गुणपत्रिकांवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, वडिलांचे आणि आईचे नाव अशी मांडणी असते, तर पासपोर्टवर आडनाव आणि दिलेले नाव वेगवेगळ्या रकान्यांत असते. आधार, पॅन, पासपोर्ट, दहावी-बारावीची प्रमाणपत्रे आणि पदवी यांवरील नावांचे स्पेलिंग एका कागदावर शेजारी शेजारी लिहून पाहिले की तफावत लगेच दिसते. दुरुस्तीला वेळ लागत असल्यामुळे हे काम पहिल्याच महिन्यात करावे. पासपोर्टसाठी ठाणेकरांना वागळे इस्टेटमधील पासपोर्ट सेवा केंद्र सोयीचे पडते. तेथे वडिलांनी सोबत जाण्याचे काही कारण नसते.

जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी भारतीय विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र आवश्यक करण्यात आले आहे. भारतातील शैक्षणिक कागदपत्रे खरी असल्याची पडताळणी त्यातून होते. प्रमाणपत्र हाती येण्यास काही आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जाऊ शकतो, म्हणून शेवटच्या सत्राच्या निकालाची वाट पाहत बसण्याऐवजी आपल्या अभ्यासक्रमाला लागू असलेले नियम वाचून अर्ज शक्य तितक्या लवकर करावा. गुणपत्रिकांची ट्रान्सक्रिप्ट आवश्यकतेपेक्षा दोन-तीन प्रती अधिक घेऊन ठेवाव्यात, कारण पुढे नोकरीच्या वेळी त्यांची गरज पडली तर परदेशातून विद्यापीठाकडे पाठपुरावा करण्याचे काम अखेर घरच्यांवर येते आणि सोडलेली फाइल पुन्हा त्यांच्याच हातात जाते.

भाषेचा सराव याच काळात सुरू करावा. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी घरमालक, नगरपालिकेतील कर्मचारी आणि दवाखान्यातील स्वागतकक्ष यांच्याशी काम पडते ते जर्मनमध्ये. मुंबईत काळा घोडा परिसरातील मॅक्स म्युलर भवनात रीतसर वर्ग चालतात आणि ऑनलाइन वर्गही उपलब्ध आहेत. ए-१ ही भाषेची पहिली पातळी म्हणजे निव्वळ स्वतःची ओळख करून देण्यापुरते भांडवल असते. ए-२ पर्यंत गेल्यास आलेले पत्र निदान कशाविषयी आहे एवढे कळू लागते.

तिसरा टप्पा: पैशाचे व्यवहार उघडपणे मांडणे

आपल्याकडे मुलांपासून पैशाची चणचण लपवण्याची रीत आहे. त्यामागे प्रेम असले, तरी कर्ज काढून परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तिचा तोटाच होतो. एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून एकूण खर्च, बचतीतून जाणारी रक्कम, कर्जाची रक्कम, तारण ठेवलेली मालमत्ता आणि व्याजदर हे आकडे कागदावर लिहावेत. शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रमाच्या काळात आणि त्यानंतर काही महिने हप्ता भरावा लागत नाही, परंतु त्या काळातही व्याज चढत राहते. ही बाब मंजुरीपत्रातून विद्यार्थ्याने स्वतः वाचून घरच्यांना समजावून सांगावी. राहता फ्लॅट तारण असेल तर ते त्याला माहीत असलेच पाहिजे. ते सांगताना त्याच्यावर उपकाराचे ओझे टाकण्याची मात्र गरज नाही.

जर्मनीच्या व्हिसासाठी निर्वाहाची सोय दाखवण्याचा सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागू लागले आणि तेथे पोहोचल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो या हिशेबाने रक्कम मिळते. ही अट वेळोवेळी वाढवली जात असल्यामुळे अर्ज करताना चालू आकडा अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्यावा. म्युनिकसारख्या महागड्या शहरात या रकमेचा मोठा भाग खोलीभाड्यातच जातो, तर पूर्वेकडील लहान विद्यापीठीय शहरांत तीच रक्कम बऱ्यापैकी पुरते. विद्यापीठाच्या क्रमवारीइतकेच लक्ष शहराच्या भाड्याकडे दिलेले बरे.

भारतातून रक्कम पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेनुसार एका आर्थिक वर्षात एका व्यक्तीला अडीच लाख डॉलरची मर्यादा असते. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो कर) कापला जात नाही आणि मान्यताप्राप्त संस्थेकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जातून शिक्षणासाठी पाठवलेल्या रकमेवरही तो लागत नाही. कापला गेलाच तर विवरणपत्रात तो समायोजित करता येतो. त्यासाठी रक्कम नेमक्या कोणाच्या पॅनवर पाठवली याची नोंद ठेवावी.

दोन गोष्टी हमखास राहून जातात. पहिली अशी, की परकीय चलनविषयक कायद्याच्या दृष्टीने शिक्षणासाठी परदेशी गेलेला विद्यार्थी अनिवासी धरला जातो, त्यामुळे त्याचे साधे बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या रुपये खात्यात बदलून घ्यावे लागते. दुसरी म्हणजे भारतीय मोबाइल क्रमांक. बँकेचे ओटीपी त्यावर येत असल्यामुळे निघण्यापूर्वी रोमिंग सुरू करून तो क्रमांक चालू राहील इतपत रिचार्जची व्यवस्था करावी. सिम आईच्या फोनमध्ये ठेवून प्रत्येक ओटीपी तिच्याकडून मागवणे सोयीचे वाटते खरे. पण मग मध्यरात्रीच्या प्रत्येक खरेदीला घरून परवानगी घेतल्यासारखेच होते, आणि ओटीपी कोणाला सांगू नये हा नियमही मोडतो.

चौथा टप्पा: सामान

या टप्प्यावर घरोघरी सर्वाधिक वेळ जातो, वास्तविक सर्वांत कमी जायला हवा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे साजूक तूप, पेढे, बर्फी आणि श्रीखंडाच्या वड्या घरीच ठेवाव्यात. ताजा कढीपत्ता आणि हापूसही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. सुक्या मासळीला मात्र माणशी २० किलोपर्यंत मुभा आहे, त्यामुळे बोंबील कायद्यात बसतात; शेजाऱ्यांच्या सहनशक्तीत बसतात का, हा प्रश्न वेगळा. विमान दुबई किंवा अबू धाबीमार्गे असेल तर मसाल्याच्या डब्यातून खसखस काढून टाकावी, कारण संयुक्त अरब अमिरातीत ती निषिद्ध आहे. गोडा मसाला, मेतकूट, चटण्या आणि एक लहान कुकर पुरेसा आहे. डाळ-तांदूळ तेथील आशियाई दुकानांत मिळतात आणि थंडीचा जाड कोट तेथेच घेतलेला अधिक उपयोगी ठरतो. मूळ कागदपत्रे, औषधे आणि प्रिस्क्रिप्शन हातातल्या बॅगेत असावीत.

पाचवा टप्पा: पोहोचल्यानंतरचे पहिले महिने

जर्मनीत खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते, तिला तेथे आन्मेल्डुंग म्हणतात. तिच्यासाठी घरमालकाने सही केलेले, हा विद्यार्थी येथे राहतो असे सांगणारे पत्र लागते. या नोंदणीनंतर करक्रमांक टपालाने येतो. निवासपरवान्यासाठी नोंदणीचा दाखला लागतो, आणि बँका व इतर कार्यालयेही तो वारंवार मागतात. म्हणून खोली घेतानाच घरमालक हे पत्र देणार आहे ना, हे लेखी विचारावे. जो ते द्यायला नकार देतो, किंवा आपण परदेशात असल्यामुळे खोली दाखवता येणार नाही पण अनामत आगाऊ पाठवा असे सांगतो, त्याच्याशी व्यवहार करू नये. अनामत रक्कम कायद्यानुसार मूळ भाड्याच्या तिपटीहून अधिक घेता येत नाही.

नोंदणीची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि मोठ्या शहरांत ती सहजासहजी मिळत नाही, म्हणून निघण्यापूर्वीच त्या शहराच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवावे. विद्यापीठ प्रवेशासाठी आरोग्यविम्याचा पुरावा मागते. सरकारी विम्याचा विद्यार्थीदर साधारणपणे वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत मिळतो. व्हिसा ठरावीक मुदतीचाच असल्यामुळे तो संपण्याच्या पुरेशा आधी परदेशी नागरिक कार्यालयाकडे निवासपरवान्याचा अर्ज करावा. याखेरीज रेडिओ-दूरचित्रवाणीचे शुल्क मागणारे पत्र येते. दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो हा त्याचा दर २०२१ पासूनचा आहे आणि ते एकत्र राहणाऱ्यांनी वाटून घ्यायचे असते. ते पत्र फसवणुकीचे समजून कचऱ्यात टाकू नये.

तेथील टपालपेटी हा आपल्याकडे जवळजवळ विसरला गेलेला प्रकार आहे. बँक, विमा, करखाते आणि न्यायालय आजही कागदी पत्रे पाठवतात आणि मुदत बहुधा पत्रावरील तारखेशी किंवा ते पोहोचण्याशी जोडलेली असते. पेटीवर आपले नाव चिकटवावे, ती दररोज उघडावी, प्रत्येक पत्र भाषांतराच्या ॲपमधून वाचावे आणि उत्तर द्यावयाची तारीख कॅलेंडरमध्ये त्याच दिवशी टाकावी. खासगी उत्तरदायित्व विमाही, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणारा विमा, पहिल्याच महिन्यात घेतलेला बरा. इमारतीच्या मुख्य दाराची चावी हरवली आणि सगळी कुलपे बदलावी लागली तर येणारा खर्च मोठा असतो. पॉलिसीत हरवलेल्या चाव्यांचा समावेश आहे ना, तेवढे तपासावे.

या काळात पालकांनी एक नियम कसोशीने पाळावा. घरमालक, विद्यापीठ, विमा कंपनी किंवा बँक यांना मुलाच्या वतीने भारतातून फोन किंवा ईमेल करू नये. तसे केल्याने काम तर होत नाहीच, कारण गोपनीयतेच्या नियमांमुळे प्रौढ विद्यार्थ्याची माहिती पालकांनाही दिली जात नाही. शिवाय पुढच्या अडचणीच्या वेळी विद्यार्थी आधी ठाण्याला फोन लावतो आणि मग संबंधित कार्यालयाला. सल्ला विचारला तर द्यावा. ईमेलचा मसुदा वाचून द्यायलाही हरकत नाही. पाठवण्याचे बटण मात्र त्यानेच दाबावे.

सहावा टप्पा: विद्यापीठात स्वतःची जबाबदारी ओळखणे

अभ्यासाच्या बाबतीत सर्वांत मोठा फरक असा, की विद्यार्थी वर्गात आला की नाही याकडे बहुतेक व्याख्यानांत कोणी लक्ष देत नाही. हजेरी भरली नाही म्हणून घरी पत्र जात नाही, मध्येच चाचण्या घेऊन कोणी जागे करत नाही आणि अनेक विषयांचे सर्व गुण सत्राअखेरच्या एकाच परीक्षेवर अवलंबून असतात. सत्राला सामान्यतः ३० श्रेयांक (क्रेडिट) असतात आणि जर्मनीत एका श्रेयांकामागे सुमारे ३० तासांचे काम धरले जाते. त्यामुळे पाच श्रेयांकांच्या विषयाला जवळपास १५० तास लागणार हे उघड आहे, आणि त्यांतील वर्गातले तास निम्म्याहूनही कमी असतात. उरलेले तास वेळापत्रकात कोठे बसतात हे पहिल्या आठवड्यातच लिहून काढावे. व्याख्याने ऑक्टोबरच्या मध्यास सुरू होतात आणि फेब्रुवारीत परीक्षा येतात, म्हणजे आपल्याकडील सवयीप्रमाणे पीएल (परीक्षेपूर्वीची अभ्यासाची सुट्टी) लागल्यावर पुस्तक उघडणाऱ्याच्या हातात नाताळची सुट्टी तेवढी उरते.

परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते. विषय शिकलो म्हणजे परीक्षेला नाव गेलेच असे नसते. विद्यापीठाच्या पोर्टलवर ठरावीक मुदतीत नाव नोंदवावे लागते आणि ती मुदत चुकली तर त्या सत्रात परीक्षा देता येत नाही. १.० ही सर्वोत्तम श्रेणी असून ४.० पर्यंत उत्तीर्ण समजतात. अनेक ठिकाणी एका विषयाच्या परीक्षेसाठी तीनच संधी मिळतात आणि अनिवार्य विषयात अखेरची संधी वाया गेली तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो. त्यामुळे तयारी नसताना बघू काय होते म्हणून बसण्यापेक्षा माघार घेण्याच्या मुदतीत नाव काढून घेणे शहाणपणाचे असते. हे सर्व नियम परीक्षा-विनियम या दस्तऐवजात असतात. तो कंटाळवाणा असला तरी पहिल्या महिन्यात वाचून काढावा. वरिष्ठ विद्यार्थ्यांकडून ऐकलेले नियम अनेकदा जुन्या बॅचचे असतात.

उतारे जसेच्या तसे घेण्याबाबत थोडे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत सबमिशनच्या आदल्या रात्री एकाच जर्नलवरून अख्खा वर्ग लिहून काढतो आणि प्राध्यापकही ते जाणून असतात. या वातावरणात चार वर्षे काढलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्याची ओळ संदर्भाशिवाय वापरणे हा गुन्हा वाटेनासा होतो. तेथे तोच प्रकार फसवणूक म्हणून नोंदवला जातो, विषय अनुत्तीर्ण धरला जातो आणि प्रकरण गंभीर असल्यास नाव काढले जाऊ शकते. एआयच्या साधनांचा वापर किती चालतो हेही विषयागणिक बदलते, म्हणून ते प्राध्यापकांना आधी विचारून उत्तर जपून ठेवावे. बहुतेक विद्यापीठांत शास्त्रीय लेखनाची विनामूल्य शिबिरे असतात. पहिल्याच सत्रात त्यांपैकी एक करावे, म्हणजे संदर्भ देण्याची पद्धत प्रबंधाच्या ऐन घाईत शिकावी लागत नाही.

प्राध्यापकांना विचारण्याचा संकोच ही दुसरी अडचण. आपल्याकडे सरांना शंका विचारणे म्हणजे आपले अज्ञान उघडे करणे असे मानले जाते, आणि विचारलीच तर ती वर्ग संपल्यावर टेबलाभोवतीच्या घोळक्यात. तेथे त्यासाठी ठरावीक भेटीचा तास असतो. ईमेलमध्ये विषयाचे नाव, आपला विद्यार्थी क्रमांक, नेमका प्रश्न आणि तो सोडवण्यासाठी आपण आधी काय केले एवढे चार-पाच वाक्यांत लिहावे. आदरार्थी विशेषणांची माळ आणि घरच्या परिस्थितीचे वर्णन टाळावे. उत्तरादाखल आपल्या कामावर कडक शब्दांत टीका आली तर ती त्या कामापुरतीच असते. पुढच्या भेटीत तेच प्राध्यापक हसून स्वागत करतात, आणि हे अंगवळणी पडायला एखादे सत्र जाते.

सातवा टप्पा: इतरांसोबत राहणे

सामायिक फ्लॅटमध्ये स्वच्छतेची पाळी भिंतीवर लावलेली असते. आपल्या आठवड्यात संडास, स्वयंपाकघर आणि कचरा हे सर्व आपल्याकडे येते. कचरा कागद, सेंद्रिय, वेष्टने, काच आणि उरलेला असा वेगळा करायचा असतो. नवी मुंबईत ओला-सुका वेगळा करण्याची सवय असलेल्यांना हे फार जड जात नाही. एकदा वापरायच्या बहुतेक बाटल्या आणि डब्यांवर २५ सेंट अनामत असते, त्या दुकानातील यंत्रात टाकल्या की पैसे परत मिळतात. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळावी लागते आणि रविवारी दिवसभरही गोंगाट चालत नाही; कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर आणि रात्री अकरा वाजता भारतातल्या नातेवाइकांशी मोठ्याने होणारे व्हिडिओ कॉल यांबद्दल तक्रार येऊ शकते. फोडणी देताना दार लावून खिडकी उघडावी. तक्रार आली तर रुसून न बसता त्याच दिवशी बोलून घ्यावे. चिठ्ठीत सरळ तक्रार लिहिणे हा तेथे अपमान समजला जात नाही.

मराठी मुलांनीच मिळून घर घ्यावे काय, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. पहिल्या तीन-चार महिन्यांसाठी ही सोय मोठी असते. कोणी आजारी पडले तर खिचडी मिळते आणि नोंदणीला सोबत जायला कोणीतरी असते. परंतु पूर्ण दोन वर्षे त्याच घरात काढली तर जर्मन भाषा येत नाही, स्थानिक ओळखी होत नाहीत आणि नोकरी शोधताना त्या दोन्हींची उणीव भासते. माझ्या मते पहिल्या वर्षानंतर मिश्र घरात जावे आणि मराठीची गरज महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात, दिवाळीत आणि रविवारच्या जेवणात भागवावी. अनेक मोठ्या शहरांत अशी मंडळे आहेत. तेथे नुसते जेवायला जाण्यापेक्षा भांडी उचलणाऱ्यांत असलेले चांगले, कारण उपयोगाच्या ओळखी तेथेच होतात.

आठवा टप्पा: घरी बोलणे, आणि कठीण दिवस

ठाणे जिल्ह्यातील कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या, तेव्हा घरचे पत्र पोहोचण्यास कित्येक आठवडे लागत. आज अडचण उलटी आहे: दर तासाला निरोप येऊ शकतो. जर्मनी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते, त्यामुळे तेथे व्याख्याने संपून संध्याकाळ सुरू होते तेव्हा ठाण्यात निजानीज झालेली असते. आठवड्यातून दोन ठरलेल्या वेळी निवांत बोलावे आणि एरवी ठीक आहे एवढा एक संदेश पुरेसा मानावा. पालकांनी प्रत्येक फोनवर जेवलास का याच्यापुढे जाऊन त्या आठवड्यात काय शिकलास, कोणाला भेटलास हे विचारावे, आणि घरातले आजारपण लपवू नये. ते पुढे कळले की विद्यार्थी प्रत्येक शांत फोनमागे काहीतरी दडलेले आहे असे समजू लागतो.

डिसेंबरात तेथे दुपारी साडेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो. घोडबंदरच्या उन्हात वाढलेल्या मुलांना या अंधाराचा परिणाम झोपेवर आणि मनावर जाणवतो, आणि तो नेमका परीक्षेच्या तयारीच्या काळात येतो. दिवसाउजेडी अर्धा तास चालणे, ठरावीक वेळी झोपणे आणि आठवड्यातून निदान एकदा माणसांत बसून जेवणे हे वेळापत्रकात लिहून ठेवावे. विद्यापीठांच्या क्रीडाकेंद्रांत अल्प शुल्कात वर्ग असतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, व्याख्यानांना जावेसे वाटत नसेल किंवा सर्वांचे फोन टाळले जात असतील, तर विद्यार्थी कल्याण संस्थेच्या समुपदेशकाची वेळ घ्यावी. ही सेवा सहसा विनामूल्य किंवा नाममात्र दरात असते आणि तिची माहिती घरी वा विभागाला दिली जात नाही. जिवाला धोका वाटण्यासारखी स्थिती असेल तर ११२ हा क्रमांक लावावा. दवाखाने बंद असताना जिवाला धोका नसलेल्या पण तातडीच्या वैद्यकीय मदतीसाठी ११६११७ हा क्रमांक आहे, तर पोलिसांसाठी ११०.

नववा टप्पा: काम आणि पहिली सुट्टी

कामाच्या तासांचे नियम देशागणिक वेगळे असतात आणि ते मोडल्यास निवासपरवानाच धोक्यात येतो. जर्मनीत मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. ऑस्ट्रेलियात सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तास, कॅनडात विद्यापीठाबाहेर आठवड्याला २४ तास आणि ब्रिटनमध्ये पदवी वा पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सामान्यतः आठवड्याला २० तास अशी मर्यादा आहे. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्रकाळात २० तास, तेही विद्यापीठाच्या आवारातच. पहिल्या सत्रात काम शोधण्याची घाई करू नये. निदान पहिल्या परीक्षा होईपर्यंतचा खर्च भागेल असे नियोजन तिसऱ्या टप्प्यातच करावे. काम घेताना लेखी करार आणि पगारपत्रक मागावे. रोखीने, नोंदीशिवाय मिळणारे काम नाकारावे, कारण तेथे अपघात झाला तर काम केल्याचा लेखी पुरावा हाती नसतो. शक्य असल्यास विभागातील सहायकाचे काम पाहावे. त्यात पैसे थोडे कमी मिळाले तरी प्रबंधासाठी मार्गदर्शक मिळण्याची शक्यता वाढते.

पहिल्या सुट्टीत ठाण्याला येण्याचे तिकीट काढण्यापूर्वी तीन तारखा जुळवून पाहाव्यात: निवासपरवाना संपण्याची, परीक्षेच्या दुसऱ्या फेरीची आणि पुढील सत्राचे शुल्क भरण्याची. दुसरी फेरी बहुधा मार्चच्या शेवटास किंवा सत्राच्या तोंडावर असते, आणि बहिणीचे लग्न किंवा गुढीपाडवा पाहून काढलेले स्वस्त तिकीट नेमके तिच्यावर येऊन आदळते. निवासपरवान्याचे कार्ड हाती आलेले नसताना देश सोडायचा असेल तर परत येण्यासाठी कोणता कागद ग्राह्य धरला जाईल, हे परदेशी नागरिक कार्यालयाला आधी लेखी विचारावे आणि ते उत्तर छापून प्रवासात जवळ ठेवावे. तिकिटाची तारीख या वेळी विद्यार्थ्याने ठरवावी आणि घरच्यांनी सत्यनारायणाची पूजा तिच्यानंतर धरावी.